आजोबांचं जनता सापडलंय? आधी चावी देणं थांबवा

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडच्या जुन्या घराची आवराआवर करताना ट्रंकेत आजोबांचं एचएमटी जनता, म्हणजे चावीचं मनगटी घड्याळ, सापडलं. आजोबा एसटीत कंडक्टर होते. पट्टा कुजलेला, काच पिवळट आणि ओरखड्यांनी भरलेली. चावी दिल्यावर वीसेक मिनिटं चाललं आणि थांबलं. हलवलं की पुन्हा दोन-चार मिनिटं चालतं. घरच्यांचं म्हणणं, ‘चावी जास्त बसली म्हणून अडकलं.’ तर आता काय करायचं, रोज हातात घालता येईल का, आणि दुरुस्तीला दिलं तर आतले खडे काढून घेतील का?

चावी देणं आजपासून बंद करा. एवढं ऐकलंत तर बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल.

कारण सांगतो. घड्याळाच्या आत जे तेल असतं ते थेंबाने मोजायचं नसतं. सुईच्या टोकावर मावेल त्याच्याही शंभराव्या हिश्श्याएवढं तेल एकेका खड्यात, म्हणजे चक्राचं टोक ज्यात फिरतं त्या माणकाच्या भोकात, असतं. ते काही वर्षांत आटतं, उरतं ते डिंकासारखं चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. आता हिशेब करा. जनताचं मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5, दिवसाला 4,32,000. बॅलन्स व्हील, म्हणजे झोके घेत वेळ मोजणारं चाक, ज्या टोकांवर फिरतं ती टोकं केसाच्या जाडीची, पोलादाची. त्यांच्याभोवती तेलाऐवजी धुळीचा चिखल असेल तर दिवसाला सव्वाचार लाख वेळा पॉलिश पेपर घासल्यासारखंच झालं. ट्रंकेत पंचवीस वर्षं बंद पडलेल्या घड्याळाचं काही झिजत नाही. ‘बघू तरी चालतंय का’ म्हणून महिनाभर रोज चालवलेल्या कोरड्या घड्याळाचं झिजतं. माझ्याकडे येणारी निम्मी जुनी घड्याळं चालू असतात, आणि गिऱ्हाईक कौतुकाने सांगतं, ‘एकदाही सर्व्हिसिंग नाही केलं, तरी चालतंय बघा.’ मला त्या घड्याळाची दया येते.

आता ‘चावी जास्त बसली’ याबद्दल. बत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. चावी जास्त बसून घड्याळ बंद पडत नाही. चावीच्या घड्याळातली मेन स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी थांबते, आणि स्प्रिंग पूर्ण भरलेली असणं हीच घड्याळाची सगळ्यात चांगली अवस्था. होतं असं, की तेल सुकलेलं घड्याळ आधीच अडलेलं असतं. माणूस चावी देत जातो, स्प्रिंग भरते, चक्रं फिरत नाहीत, चावी घट्ट लागते. मग निष्कर्ष निघतो की चावीनेच घोळ केला. मात्र ती घट्ट लागल्यावरही ‘अजून एक वेढा बसतोय का बघू’ म्हणून अंगठा दाबलात, तर स्प्रिंग तुटू शकते. विशेषतः जुनी निळसर पोलादी स्प्रिंग असेल तर.

हलवणं, तळहातावर आपटणं हेही नको. जनताच्या डायलवर पॅराशॉक असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बॅलन्सच्या टोकांना धक्का सोसणारी छोटी स्प्रिंग आहे. हे तंत्र सिटिझनचं. एचएमटीने 1961 मध्ये बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली, म्हणून जनताच्या मशीनचं घराणंही तिकडचंच. सिटिझनवाल्यांनी 1956 मध्ये जाहिरातीसाठी पॅराशॉकची घड्याळं हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली होती. पण ती नवी, तेल दिलेली घड्याळं होती. तुमचं तसं नाही.

आणि कृपा करून तेल सोडू नका. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, हे सगळं मी बघितलेलं आहे. तेल हेअर स्प्रिंगवर, म्हणजे बॅलन्सला झोका देणाऱ्या बारीक स्प्रिंगवर, गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला दहा-दहा मिनिटं पुढे पळायला लागतं. चुकीचं तेल काढायला कोरडं घड्याळ साफ करण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

घरी करण्यासारखं काम म्हणजे बघणं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं साधं भिंग घ्या, खिडकीजवळ बसा, खाली पांढरा रुमाल अंथरा. मागचं झाकण उघडायचं नाही. सुरीने झाकण उघडताना पातं सटकून थेट बॅलन्समध्ये शिरलेली घड्याळं वर्षाला पाच-सहा तरी येतात, आणि त्यात सुरी धरणाराचं बोट कापलेलं असतं ते वेगळंच. बाहेरून बघा. काट्यांच्या मधल्या बुंध्याशी हिरवट किंवा तांबूस पावडर दिसते का? दिसली तर आत कधीतरी ओल गेलेली आहे. डायलच्या कडेला, विशेषतः चावीच्या बाजूला, डाग जास्त आहेत का? पाणी आणि घाम बहुतेक वेळा चावीच्या भोकातूनच शिरतात. चावी हलक्या हाताने ओढून बघा, काटे फिरवायच्या जागी येते का. आली नाही तर सोडून द्या, आतला दांडा गंजलेला असेल. जोर लावलात तर तो भोकात तुटतो आणि तासाभराचं काम दिवसाचं होतं.

केसकडेही, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाकडेही, नीट बघा. आजोबा कंडक्टर होते म्हणालात ना? माझ्याकडे एसटीतल्या लोकांची बरीच घड्याळं येऊन गेली. चामडी पिशवीचा पट्टा, तिकिटांची पत्र्याची पेटी, गाडीचे दांडे, यांच्यावर घासून केसची एकच बाजू गुळगुळीत झालेली असते आणि काचेवरचे ओरखडेही एकाच दिशेने असतात. मुलाम्याची केस असेल तर त्या बाजूला खालचं पितळ दिसायला लागतं. ते पॉलिश करून घेऊ नका, नवा मुलामाही चढवू नका. बफ मारणारा माणूस दोन मिनिटांत केसच्या कडा गोल करतो, आणि मग ते घड्याळ कोणाचंही होतं.

डायलच्या बाबतीत तर मी याहून हट्टी आहे. इंटरनेटवर चकचकीत जनता हजार-दीड हजारात मिळतात. गुलाबी डायल, मोरपंखी डायल, मधोमध तिरंगा, काय वाट्टेल ते. मशीन बहुधा खरं असतं, डायल मात्र कुठेतरी पुन्हा रंगवून छापलेली. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नाही. तुमच्याकडे आहे ते एका माणसाच्या हातावरून उतरलेलं, मधे कुठे बाजारात न गेलेलं घड्याळ. त्याची डायल पिवळसर असो, चार डाग असोत, ती मूळ आहे. त्यावर अक्षरं देवनागरीत ‘जनता’ अशी असतील तर आणखीच जपा. दुकानदार म्हणाला, ‘डायल नवीनसारखी करून देतो,’ तर हसून नाही म्हणा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. एका मास्तरांचं घड्याळ होतं, डायलवर धुरकट थर. उस्तादांनी सांगितलं होतं, डायलला हात लावायचा नाही. ते जेवायला गेले आणि मी कापसाला थोडं पाणी, थोडा साबण लावून हलकंसं पुसलं. थर निघाला. त्याच्याबरोबर कंपनीचं नावही निघालं, आणि सहाच्या आकड्याचा अर्धा भाग. डायलवरची छपाई वार्निशच्या एका पातळ पापुद्र्यावर किंवा त्याखाली असते, आणि चाळीस वर्षांनी तो पापुद्रा साबण सोडाच, नुसतं पाणीही सहन करत नाही. मास्तर रागावले नाहीत. घड्याळाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘असू दे, वेळ दिसते ना.’ त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

आता दुकान कसं निवडायचं. हा तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग आहे, कारण सेल बदलून देणारे शंभर आहेत आणि चावीचं घड्याळ पूर्ण खोलणारे फार थोडे उरलेत. गावातल्या जुन्या पेठेत, एखाद्या जिन्याखाली किंवा सराफाच्या दुकानाच्या कट्ट्यावर काचेची पेटी घेऊन बसलेला वयस्कर माणूस असेल तर आधी तिथे जा. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘काका, मशीन पूर्ण खोलून धुणार की नुसतं वॉश मारणार?’

वॉश मारणं म्हणजे काय ते सांगतो. झाकण उघडायचं, मशीन काढायचं, डायल-काटे बाजूला ठेवायचे आणि अख्खं मशीन न खोलता पेट्रोलमध्ये बुडवून हलवायचं. वाळवायचं, चार ठिकाणी तेल लावायचं, बंद करायचं. वीस मिनिटांत काम होतं, घड्याळही सुरू होतं आणि गिऱ्हाईक खूश. पण मेन स्प्रिंगच्या डब्यातला जुना ग्रीस तसाच राहतो, खड्यांच्या आतली घाण पातळ होऊन पुन्हा तिथेच वाळते, आणि सहा महिन्यांत घड्याळ परत. पूर्ण खोलणं म्हणजे प्रत्येक चक्र, प्रत्येक पूल (चक्रं वरून धरणारी पट्टी), प्रत्येक स्क्रू वेगळा. स्प्रिंग डब्यातून बाहेर. बॅलन्सच्या टोकांवर झाकणासारखे बसणारे टोपीचे खडे काढून त्यांची वेगळी सफाई. मग जोडताना तीन-चार प्रकारची तेलं आणि ग्रीस: बॅलन्सला आणि वेगाने फिरणाऱ्या चक्रांना पातळ, सावकाश फिरणाऱ्या मधल्या चक्राला जाड, चावीच्या भागाला ग्रीस, आणि पॅलेटच्या (ठोक्यागणिक चक्रं अडवून सोडणाऱ्या छोट्या काट्याच्या) दांड्याच्या टोकांना काहीच नाही. हे नीट केलं तर अडीच-तीन तासांचं काम आहे, मधे फोन आला नाही तर. म्हणून मजुरी ऐकून ‘एवढ्यात तर नवीन येईल’ असं म्हणू नका. खरंच येईल, पण ते आजोबांचं नसेल.

दुसरं, सुटे भाग. केंद्र सरकारने 2016 च्या जानेवारीत एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. पण जनता इतकी विकली गेली आहेत की भाग मिळण्याची अडचण नाही. आम्ही मेलेल्या घड्याळांतून भाग काढून डब्या भरून ठेवतो. बॅलन्स, स्प्रिंग, चावी, दांडा, सगळं त्या डब्यांत मिळतं. त्यामुळे ‘याचा पार्ट मिळत नाही, घड्याळच बदला’ असं कोणी जनताबद्दल म्हणालं तर दुकान बदला. बदललेले जुने भाग मात्र परत मागून घ्या. पुडीत बांधून देतात. भांडण्यासाठी नाही, पुढच्या कारागिराला कळावं म्हणून.

आता खडे. ही भीती मला वाटतं आपल्याकडे चार पिढ्यांची असेल. डायलवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलेलं, म्हणजे आत 17 माणकं, आणि घड्याळजी ती काढून काचेची बसवतो! आहेत ती माणकंच, पण कारखान्यात भट्टीत तयार केलेली. 1902 पासून कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत जगाला माहीत आहे, आणि अशा एका खड्याला सराफ चहासुद्धा पाजणार नाही. ते दागिना म्हणून नसतातच. पोलादाचं टोक पितळेच्या भोकात फिरलं तर भोक लांबट होतं, माणकाच्या भोकात होत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. सतरा कुठे कुठे असतात ते ऐका: बॅलन्सला वर दोन, खाली दोन, मधे पॅलेटच्या काट्याकडून धक्का घेणारा एक, असे पाच. पॅलेटच्या दोन टोकांवर दोन आयताकृती, पॅलेटच्या दांड्याला दोन, हे चार. एस्केप व्हील (पॅलेट ज्याला अडवतं ते चक्र), चौथं चक्र, तिसरं चक्र आणि मधलं चक्र यांना प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. झाले सतरा. यातला एक जरी काढला तर घड्याळ नीट चालणार नाही.

काढून घ्यायची भीती बाळगायचीच असेल तर मशीनबद्दल बाळगा. चांगलं मशीन काढून झिजलेलं बसवलं, असं क्वचित कुठे होतं. त्यावर उपाय सोपा आहे. झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि मोबाइलने मशीनचा जवळून फोटो घ्या. पुलांवर ओरखडे, डाग, स्क्रूच्या डोक्याला पडलेले व्रण असतात, ते बोटांच्या ठशांसारखे असतात. घड्याळ परत घेताना पुन्हा उघडून फोटो ताडून बघा. प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. मला तरी येत नाही.

झाकण उघडेल तेव्हा आणखी एक गोष्ट बघायची आहे. मशीनकडे नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला. झाकण उजेडात तिरकं धरा. पोलादावर सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरं दिसतील: ‘14/3/84’, खाली एखादं अक्षर, एखादा नंबर, कधी नुसतीच एक खूण. ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. प्रत्येक कारागीर सर्व्हिसिंग केलं की झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण कोरायचा, म्हणजे गिऱ्हाईक ‘मागच्याच महिन्यात केलं होतं’ म्हणत आलं तर पडताळता यायचं. एका घड्याळात मला अशा नऊ खुणा मिळाल्या होत्या, साधारण दर दोन-तीन वर्षांनी एक, आणि मग एकदम काही नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं असेल ते कळायला खुणांची गरज नव्हती. या खुणा पॉलिश करायला देऊ नका, आणि त्यांचा फोटो नक्की काढा.

सर्व्हिसिंग झाल्यावर काय अपेक्षा ठेवायची? हल्ली बऱ्याच कारागिरांकडे टाइमग्राफर असतो. घड्याळ माइकवर ठेवलं की ठोके ऐकून पडद्यावर रेघ काढतो. त्यावर तीन आकडे येतात. पहिला म्हणजे दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे. दुसरा ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंशांत झोका घेतोय. पूर्ण चावी, डायल वर, अशा स्थितीत जुन्या जनताने 250 च्या पुढे दाखवलं तर मी समाधानी असतो, 270-280 दाखवलं तर चहा मागवतो. 200 च्या खाली असेल तर कुठेतरी घाण किंवा झीज राहिली आहे, घड्याळ घेऊ नका. तिसरा बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, तो एक मिलिसेकंदाच्या आत असला की झालं. वेळेच्या बाबतीत मात्र हट्ट नको. दिवसाला अर्धं मिनिट इकडेतिकडे हे या वयाच्या घड्याळासाठी उत्तम आहे. एक मिनिट असेल तरी मी गिऱ्हाइकाला घरी पाठवतो. दोन सेकंदांची अचूकता पाहिजे असेल तर खिशात मोबाइल आहेच.

मग रोज घालता येईल का? येईल, पण रोज म्हणजे सगळे दिवस नाही. जनता पाण्यासाठी बनलेलं नाही, तेव्हाही नव्हतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते कपाटात राहू दे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर ऑक्टोबरातल्या घामाचंही तेवढंच भय. हात धुताना काढा, स्कूटरवर पावसाची सर आली तर खिशात टाका. काचेच्या आत वाफ धरली तर त्याच दिवशी दुकानात न्या. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ काचेआडची ओल ओढत नाही, आणि दोन दिवसांत चावीच्या भागातल्या पोलादावर गंज सुरू झालेला असतो.

चावी रोज साधारण एकाच वेळी द्यायची, सकाळी, आणि घड्याळ हातातून काढून. हातात असताना चावी दिली की दांड्यावर तिरका जोर पडतो, वर्षानुवर्षं असं केलं की भोक रुंदावतं आणि तिथूनच घाम आत जातो. वीस-पंचवीस वेढ्यांत स्प्रिंग भरते. मोजत बसू नका, बोटाला ठामपणे अडल्यासारखं लागलं की थांबा. ज्या दिवशी घालायचं नाही त्या दिवशी चावी द्यायची गरज नाही. महिन्यातून एकदा दिली तरी पुरे.

चुंबक ही नव्या काळाची भानगड. आजोबांच्या वेळी घरात चुंबक म्हणजे फारतर रेडिओतला स्पीकर. आता मोबाइलच्या फ्लिप कव्हरला चुंबक, हेडफोनला चुंबक, लॅपटॉपला चुंबक, बायकांच्या पर्सच्या बटणाला चुंबक. घड्याळ एकाएकी दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे पळायला लागलं तर नव्वद टक्के तेच. हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना ओढतात, स्प्रिंग जणू तोकडी होते आणि बॅलन्स घाई करतो. घरी तपासायचं तर एक छोटं होकायंत्र घ्या, घड्याळावर ठेवा, घड्याळ हळूहळू फिरवा. सुई घड्याळाबरोबर फिरायला लागली तर दुकानात या. डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, दहा सेकंदांचं काम आहे. मी त्याचे पैसे घेत नाही.

पट्टा नवा लागेलच. पण त्याआधी पट्टा धरणाऱ्या दोन स्प्रिंगच्या पिना बदला. याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या हिशेबाने जुनी घड्याळं मरतात ती बहुतेक यामुळे. आतून गंजलेली पीन बाहेरून ठीक दिसते, नव्या महाग पट्ट्यात बसवतात, आणि आठ दिवसांनी बसस्टॉपवर हात वर केला की घड्याळ फरशीवर. पिना दहा-वीस रुपयांच्या. पट्ट्याची रुंदी केसच्या पट्टा अडकवायच्या दोन शिंगांच्या मधली मोजून घ्या, अंदाजाने नको. चामड्याचा पट्टा सुंदर दिसतो पण पावसाळ्यात बुरशी धरतो. कापडाचा असेल तर तो घड्याळाच्या खालून जाणारा घ्या, म्हणजे एक पीन गेली तरी घड्याळ लटकत राहतं.

काच प्लॅस्टिकची आहे, ॲक्रिलिक. ही चांगली बातमी. भेगा गेलेल्या नसतील तर बदलू नका, घासा. केसवर चिकटपट्टी लावून काच तेवढी उघडी ठेवा, साधी पांढरी टूथपेस्ट (जेलवाली नाही) बोटभर मऊ सुती कापडावर घ्या, गोल गोल दहा मिनिटं. कोरड्या कापडाने पुसा, पाण्याखाली धरायचं नाही. नखाला लागणारे खोल ओरखडे जाणार नाहीत, बाकीचं धुकं जाईल. काच केसमध्ये सैल असेल तर सुपरग्लू मात्र वापरू नका. त्याच्या वाफेने काचेच्या आतून आणि डायलवर पांढरा थर बसतो, आणि डायल पुसता येत नाही हे वर सांगितलंच आहे.

ट्रंकेत आणखी घड्याळं निघाली असतील तर दोन गोष्टी. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नका. त्या वेळी आतला दात तारखेच्या चकतीत अडकलेला असतो. आणि फार जुनं, 1960 च्या आधीचं स्विस घड्याळ असेल, काट्यांवर-आकड्यांवर तपकिरी, भाजल्यासारखा थर असेल आणि अंधारात मुळीच चमकत नसेल, तर ते उघडूच नका, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. तो थर रेडियमचा असू शकतो. चमकणं थांबलं ते त्यातला चमकणारा पदार्थ जळून गेला म्हणून. रेडियम निम्मं व्हायला 1,600 वर्षं लागतात. बंद काचेआड ते तसं बरंचसं निरुपद्रवी असतं, पण उघडल्यावर भुकटी श्वासातून जाणं वाईट. अशा घड्याळाचं काम घेताना मीसुद्धा मास्क लावतो आणि नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून देतो.

तर या आठवड्यात एवढंच करा: घड्याळ मऊ कापडात गुंडाळून एका डबीत, आत सिलिका जेलची पुडी, चावी न देता. मग सवडीने कारागीर शोधा. झाकण उघडलं की आतल्या खुणांपैकी शेवटची तारीख काय आहे ते वाचा, आणि घरात कोणाला आठवतंय का विचारा, आजोबा रिटायर कधी झाले ते.